सीपॅपवरच्या बाळाला फुफ्फुसाचे औषध नेब्युलायझरने का देत नाहीत?

दोघांची_आई

नमस्कार. माझा मोठा मुलगा सहा वर्षांचा आहे. पावसाळा सुरू झाला की त्याला धाप लागते, म्हणून माहीमच्या आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात नेब्युलायझर कायम तयार असतो. मास्क लावायचा, बटण दाबायचे, दहा मिनिटांत त्याची छाती मोकळी होते. धाकटी मुलगी गेल्या वर्षी तिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन बाराशे ग्रॅम होते. जन्मल्यापासून ती कण्हत होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, असे यजमानांनी मला नंतर सांगितले. नाकात दोन छोट्या नळ्या बसवून तिला सीपॅप, म्हणजे हवेचा सौम्य दाब धरून ठेवणारे यंत्र, लावला होता. तरीही ऑक्सिजन वाढवावा लागत होता, तेव्हा यजमानांपुढे कागद ठेवला गेला: श्वासनळीत नळी घालून सर्फॅक्टंट हे फुफ्फुसाचे औषध द्यावे लागेल, सही करा.

मी सिझेरियननंतर वरच्या मजल्यावर होते. फोनवरून मी एवढेच विचारले, की मोठ्याला देतो तसे हे औषध मास्कमधून देता येणार नाही का? उत्तर आले, "तसे होत नाही." कारण कोणी सांगितले नाही. एवढ्याशा जिवाच्या घशात नळी जाणार या कल्पनेने आम्ही दोघे गोठून गेलो आणि सही करायला जवळजवळ चाळीस मिनिटे लावली.

मुलगी आता अकरा महिन्यांची आहे, घरभर रांगते. पण ती चाळीस मिनिटे माझ्या मनातून जात नाहीत. तसे का होत नाही, हे मला कोणी नीट समजावून सांगेल का? आणि आमच्या उशिरामुळे तिचे काही नुकसान झाले असेल का?

रात्रपाळी

ताई, मी नवजात अतिदक्षता विभागात अठरा वर्षे सिस्टर म्हणून काम करते आहे. सविस्तर लिहायला डॉक्टर येतीलच. तोवर एक करा. बाळाचे डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा आणि सर्फॅक्टंट कोणत्या पद्धतीने दिले, असे त्यावर लिहिले आहे का ते पाहा. श्वासनळीत नळी घालणे ही एकच गोष्ट नसते, आणि तुमच्या मनात जे चित्र आहे ते कदाचित खरे नसेल.

नवजात_वैद्य

ताई, तुमच्या प्रश्नात चुकीचे काहीच नाही. या क्षेत्रातले डॉक्टर साठ वर्षांपासून हाच प्रश्न विचारत आले आहेत, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या आतून ओल्या असतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात, तशा त्या प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटू पाहतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तो पाण्याचा ताण कमी करून पिशव्या उघड्या ठेवतो. अशा बाळाजवळ दर किलो वजनामागे साधारण १०० मिलिग्रॅम साठा असतो. कमी दिवसांच्या, धाप लागलेल्या बाळाजवळ तो १० मिलिग्रॅमहूनही कमी असतो. या आजाराचे मूळ सर्फॅक्टंटच्या अभावात आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. तरी उपचार हाती यायला पुढे दोन दशके गेली. मधल्या काळात, १९६३ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांचा मुलगा पॅट्रिक केनेडी याच आजाराने दोन दिवसांत गेला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. सर्फॅक्टंट देण्याचा पहिला प्रयत्न नळीने झालाच नव्हता, तो तुषारानेच झाला होता. १९६० च्या दशकात कॅनडात आणि सिंगापूरमध्ये डॉक्टरांनी सर्फॅक्टंटमधला मुख्य स्निग्ध घटक धुक्यासारखा करून बाळांना श्वासातून दिला. उपयोग झाला नाही. एक तर त्या घटकाला फुफ्फुसभर पसरवणारी प्रथिने त्यात नव्हती, आणि दुसरे म्हणजे आत पोहोचणारा अंश फारच थोडा होता. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसापासून केलेले सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनळीत थेट सोडले, आणि बाळे डोळ्यांदेखत सुधारली. तेव्हापासून हे औषध द्रवरूपात, नळीतूनच दिले जाते.

याच्या आधी, १९७१ मध्ये, जॉर्ज ग्रेगरी यांनी सीपॅपची पद्धत मांडली होती. बाळ स्वतः श्वास घेते आणि यंत्र फक्त सौम्य दाब धरून ठेवते, त्यामुळे व्हेंटिलेटरने कोवळ्या फुफ्फुसाला होणारी इजा टळते. इथेच खरा पेच आहे. सीपॅपचा सगळा फायदा नळी न घालण्यात आहे, आणि औषध मात्र नळीशिवाय जात नाही. तुषाराने ही कोंडी फुटेल, ही आशा म्हणूनच कोणी सोडलेली नाही.

ती का फळत नाही, हे तुमच्याच मुलीच्या आकड्यांवर पाहू. बाराशे ग्रॅमचे बाळ एका श्वासात साधारण ६ मिलिलिटर हवा घेते. मिनिटाला ६० श्वास धरले, तर मिनिटाला ३६० मिलिलिटर हवा झाली. सीपॅपच्या नळीतून मात्र मिनिटाला ६ लिटर, म्हणजे ६००० मिलिलिटर हवा वाहत असते. त्या प्रवाहात औषध मिसळले, तर बाळाच्या वाट्याला शंभरातले सहा भाग येतात आणि चौऱ्याण्णव भाग नाकासमोरून वाहून जातात. त्या सहांपैकीही काही नळीच्या भिंतीला चिकटतात, काही नाकात अडकतात, काही उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. दम्याच्या औषधांवर झालेल्या मोजणीत लहान बाळांच्या फुफ्फुसात दिलेल्या औषधाचा एक-दोन टक्केच भाग सापडलेला आहे. दम्याच्या औषधाचे तेवढ्यावर भागते, कारण ते मायक्रोग्रॅममध्येही काम करते आणि तुमचा मोठा मुलगा तोंडाने खोल श्वास घेतो. सर्फॅक्टंटला फुफ्फुसाचा सगळा पृष्ठभाग आतून माखायचा असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या एका औषधाची मात्रा दर किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीसाठी २४० मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिलिलिटर. सहा टक्क्यांच्या हिशेबाने तेवढे आत जाण्यासाठी ५० मिलिलिटर तुषार करावा लागेल, आणि त्यात नाकातली तूट धरलेलीच नाही. या औषधाची एक कुपीच हजारो रुपयांची असते.

"तसे होत नाही" हे उत्तर त्या रात्रीपुरते बरोबर होते. पण त्यामागचे कारण दोन मिनिटांत सांगता आले असते, आणि ते सांगायला हवे होते. ज्यांनी सांगितले नाही त्यांच्या व्यवसायातला एक म्हणून मला याचे वाईट वाटते.

यंत्रज्ञ_ठाणे

मी श्वसनोपचाराच्या उपकरणांवर काम करतो. डॉक्टरसाहेबांच्या हिशेबाला थोडी यंत्राची बाजू जोडतो.

आधी एका शब्दाविषयी. आपण नेब्युलायझर लावण्याला "वाफ देणे" म्हणतो, पण ती वाफ नसते. ते द्रवाचे सूक्ष्म थेंब असतात, आणि सगळी अडचण थेंब असण्यातच आहे. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, म्हणून तो हवा जाईल तिथे जातो आणि नाकातल्या नळीतूनही देता येतो. थेंबाला वजन असते. मरीन ड्राइव्हला भरतीची लाट आपटली की मोठे थेंब कठड्यावरच पडतात आणि बारीक तुषार वाऱ्याबरोबर रस्त्यापलीकडच्या माणसाच्या चष्म्यावर जातात. बाळाच्या नाकातही हेच घडते. वळणावर हवा वळते, मोठा थेंब सरळ जाऊन भिंतीवर आदळतो. फुफ्फुसात खोल जाण्यासाठी थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो, आणि इतक्या अरुंद नाकातून जायचे तर त्या मर्यादेतलाही बारीकच हवा. नवजात बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते, त्यामुळे तोंडाचा सोपा रस्ताही त्याला मिळत नाही.

त्यातच सीपॅपची हवा गरम आणि दमट करून दिलेली असते, नाहीतर नाकाचे अस्तर वाळून सोलवटते. दमट हवेत थेंब फुगतात. ओलावा बंद केला तर नाकाला इजा होते, चालू ठेवला तर औषध वाटेतच गळते.

तुमच्या घरातल्या यंत्राला जेट नेब्युलायझर म्हणतात. तो दाबाखालच्या हवेने औषध फोडतो. ती जादा हवा सीपॅपच्या नळीत शिरली तर बाळाला मिळणारा दाबच बिघडतो. शिवाय सर्फॅक्टंट मुळातच फेसाळणारे, त्यामुळे त्या मारात फेसच जास्त होतो. अलीकडच्या प्रयोगांत बहुधा थरथरणाऱ्या जाळीचा, म्हणजे मेश नेब्युलायझर वापरतात. त्यात पत्र्याच्या चकतीला हजारभर सूक्ष्म छिद्रे असतात, ती कंप पावते आणि औषध शांतपणे बाहेर पडते, वेगळी हवा लागत नाही. तो नाकाच्या अगदी जवळ, नळ्यांच्या वाय आकाराच्या जोडापुढे बसवला तर वाया जाणारा भाग बराच कमी होतो. बाळ श्वास आत घेईल तेवढ्याच क्षणी औषध सोडणारी यंत्रेही तयार होत आहेत. पण मिनिटाला साठ श्वास म्हणजे आत घेण्याचा काळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. तेवढ्यात श्वास ओळखायचा, जाळी चालू करायची आणि बंद करायची, हे काम अतिशय नाजूक आहे.

बत्तीस_आठवडे_बाबा

माझा मुलगाही कमी दिवसांचा, म्हणून मी या विषयावर वाचत असतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तुषाराने सर्फॅक्टंट दिलेल्या बाळांपैकी २६ टक्क्यांनाच नळी घालावी लागली, आणि न दिलेल्यांपैकी ५० टक्क्यांना. हे जवळजवळ निम्मे आहे. मग ही पद्धत आपल्याकडे का येत नाही? केवळ परवडत नाही म्हणून आपली बाळे मागे राहत असतील, तर ते मला मान्य होणार नाही.

नवजात_वैद्य

दादा, तुमचे आकडे अचूक आहेत. त्या अभ्यासात २२ विभागांतली ४५७ बाळे होती आणि औषध चोखणीसारख्या तोंडातल्या जोडातून दिले होते, त्यामुळे नाकाचा अडथळा टळला. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. कोणत्या बाळाला तुषार मिळाला हे खाटेजवळच्या डॉक्टरांना माहीत होते, आणि नळी घालायची की थोडे थांबायचे हा निर्णयही त्यांचाच होता. दुसरे म्हणजे त्यातली बरीच बाळे मोठी, तेहतीस आठवड्यांच्या आसपासची होती. ऑस्ट्रेलियातल्या ६४ बाळांच्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये आला, नळीचे प्रमाण ६९ वरून ३४ टक्क्यांवर आले, पण तो फायदाही बत्तीस आठवड्यांच्या पुढच्या बाळांतच दिसला. मग २०२२ मध्ये अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांच्या बाळांना मेश नेब्युलायझरने दर किलोला २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा दोन मात्रा देऊन पाहिल्या. नुसत्या सीपॅपपेक्षा काही फरक पडला नाही आणि अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

म्हणजे ज्या बाळाला औषधाची गरज सर्वांत जास्त, त्याच्यापर्यंतच तुषार सर्वांत कमी पोहोचतो. श्वास लहान, नाक अरुंद, फुफ्फुस ताठ. बत्तीस-तेहतीस आठवड्यांची निम्मी बाळे तर सीपॅपवरच सावरतात.

आणखी एक गोष्ट मी वडीलधाऱ्याच्या काळजीने सांगतो. औषध पोहोचले म्हणजे भलेच झाले, असेही नसते. सत्तावीस आठवड्यांपर्यंतच्या ८६३ बाळांना श्वासातून ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड देऊन पाहिले, तेव्हा फुफ्फुसाचा जुनाट आजार ३८ वरून २८ टक्क्यांवर आला. पण दोन वर्षांनंतर पाहिले तर औषध घेतलेल्या गटात मृत्यू अधिक होते, सुमारे २० टक्के विरुद्ध साडेचौदा टक्के. म्हणून नव्या मार्गाची घाई करताना माझा हात आखडतो. यात परवडण्याचा प्रश्न दुय्यम आहे.

मधला मार्ग मात्र मिळाला आहे आणि तो आपल्याकडेही आहे. १९९० च्या दशकात डेन्मार्क-स्वीडनमधल्या डॉक्टरांनी नळी घालायची, औषध द्यायचे आणि लगेच काढून पुन्हा सीपॅप लावायचा, असे सुरू केले. त्यानंतर जर्मनीत, कोलोनला, पुढचे पाऊल पडले. बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच अगदी बारीक नळीसारखा कॅथेटर स्वरयंत्रातून आत सरकवायचा, एक-दोन मिनिटांत औषध सोडायचे आणि कॅथेटर काढून घ्यायचा. याला लिसा म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या, २५ ते २८ आठवड्यांच्या ४८५ बाळांच्या अभ्यासात पहिल्या तीन दिवसांत व्हेंटिलेटरची नळी घालावी लागण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांवरून साडेछत्तीस टक्क्यांवर आले. मृत्यू किंवा जुनाट आजार यांचे एकत्रित प्रमाण ४९.६ विरुद्ध ४३.६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही, हेही मी सांगायला हवे.

भेंडीबाजारकर

डॉक्टरसाहेब, एक प्रश्न आदराने विचारतो. हे औषध जनावराच्या फुफ्फुसापासून होते असे वाचले. आमच्या घरात असा प्रसंग आला तर कोणते जनावर, हे आधी सांगतात का? तुषाराने दिले तर मात्रा जास्त लागणार, म्हणजे हा प्रश्न आणखी मोठा होईल.

नवजात_वैद्य

सांगायलाच हवे, आणि आपणही निःसंकोच विचारावे. पोरॅक्टंट डुकराच्या फुफ्फुसापासून होते, बेरॅक्टंट गाईच्या आणि कॅल्फॅक्टंट वासराच्या. मुंबईत एका रात्रीत दोन शेजारच्या पेट्यांमधल्या बाळांच्या घरच्यांना दोन वेगळ्या औषधांचा संकोच वाटू शकतो. बहुतेक कुटुंबे जिवाची निकड पाहून होकार देतात, पण तो त्यांना माहिती देऊन घेतलेला होकार असावा. शेळीच्या फुफ्फुसापासून सर्फॅक्टंट करण्यावर भारतात काम झाले आहे, ते पुढे गेले तर बऱ्याच घरांचा भार हलका होईल.

ताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिला होता. सर्फॅक्टंट लवकर दिले तर अधिक उपयोगी पडते, हे खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. पण त्या चाळीस मिनिटांत तुमची मुलगी उपचाराविना नव्हती, ती सीपॅपवर होती. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सीपॅपच्या हवेत ३० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन लागू लागला की सर्फॅक्टंट द्यावे. कार्डावर तिचा ऑक्सिजन किती लिहिला आहे ते पाहा. तो चाळिशीच्या आत असेल, तर तिचे औषध हाताबाहेर गेल्यावर नव्हे, वेळेच्या उंबरठ्यावर दिले गेले असे मी म्हणेन.

रात्रपाळी

आज पाळी संपवून लिहिते आहे.

कुपी फ्रिजमधून काढली की आम्ही ती दोन्ही तळहातांमध्ये धरून कोमट करतो. हलवत नाही, नाहीतर फेस होतो. नुसती हळूच उलटीसुलटी करतो, तेव्हा आतले पांढरट औषध पातळ दुधासारखे काचेवरून ओघळते. एक जण बाळाचे डोके धरतो, डॉक्टर लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात पाहण्याच्या उपकरणाने, पाहून कॅथेटर सरकवतात, आणि मी मॉनिटरवर नजर ठेवून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मोठ्याने सांगत राहते: अठ्ठ्याऐंशी, पंच्याऐंशी, ब्याऐंशी, पुन्हा सत्त्याऐंशी. थोडे औषध तोंडात परत येते. मग कॅथेटर बाहेर. बबल सीपॅपच्या (यात नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून दाब धरतात) बाटलीतले बुडबुडे या सगळ्या वेळात चालूच असतात, ते थांबले तर आमचे कान आधी टवकारतात. पाच-दहा मिनिटांत बरगड्यांखालचा खड्डा उथळ होऊ लागतो आणि ऑक्सिजनचे बटण आम्ही एकेक टक्का खाली आणतो. अठरा वर्षे झाली, तरी ते बटण खाली फिरवताना मला आजही भरून येते.

तुषाराने देण्याची कल्पना सिस्टरांच्या बाजूने सोपी वाटते, पण तसे नाही. कितीतरी वेळ नाकातल्या नळ्या घट्ट बसलेल्या राहायला हव्यात, तोंड मिटलेले हवे, नळीत साचणारे पाणी सारखे काढायला हवे. न घेतलेले औषध उच्छ्वासाच्या नळीत जाते. तिथे फिल्टर लावला तर तो चिकट औषधाने तुंबून दाब वाढण्याची भीती, न लावला तर औषध खोलीत पसरते. आमच्याकडे बबल सीपॅपची बाटली असते, आणि ज्या औषधाचा गुणधर्मच फेस टिकवण्याचा आहे ते त्या पाण्यात उतरले तर काय होईल, याचाही विचार करावा लागेल. पूर्वी बाळाच्या जठरातला द्रव हलवून त्याचा फेस टिकतो का, यावरून फुफ्फुस किती पिकले आहे ते ओळखत असत, इतका हा गुणधर्म पक्का आहे. तरीही हे यंत्र नीट तयार झाले तर त्याला पहिला हात मी लावीन, कारण लॅरिंगोस्कोपने बाळाचे ठोके कसे खाली येतात ते मी रोज पाहते.

ताई, कार्ड सापडले का?

दोघांची_आई

सापडले. मोठ्याच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये होते. मी ते घरी आल्यावर उघडलेच नव्हते.

त्यावर असे लिहिले आहे: जन्मानंतर ३ तास १० मिनिटांनी, सीपॅपचा दाब ६, ऑक्सिजन ३५ टक्के. सर्फॅक्टंट २४० मिलिग्रॅम, एक डोस, लिसा पद्धतीने, सीपॅप चालू. एक तासानंतर ऑक्सिजन २३ टक्के. व्हेंटिलेटरच्या रकान्यात "लागला नाही" असे आहे. मी तिला पहिल्यांदा तिसऱ्या दिवशी पाहिले, आणि आधीचे दोन दिवस तिच्या घशात नळी होती असे मी अकरा महिने धरून चालले होते. नळी आत होती ती फार तर दोन मिनिटे.

यजमानांना मी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. कार्डाच्या मागच्या बाजूला कुपीचे स्टिकर चिकटवलेले आहे. त्यावर ३ मिलिलिटर लिहिलेले आहे, डॉक्टरसाहेबांनी काढले होते तेवढेच. सिस्टर, एवढ्याशा कुपीला तुम्ही तळहातात किती वेळ धरता, तेवढे मला सांगाल का?

रात्रपाळी

फ्रिजची थंडी पूर्ण जाईपर्यंत, ताई. साधारण आठ-दहा मिनिटे लागतात. घाई असली तरी तेवढी धरावीच लागते.